किसनमामांचा पांगुळगाडा

पडदा उघडायला पाच मिनिटं होती आणि माझ्या पोटावर उशी बांधायला सुतळी मिळत नव्हती. चहाडखोर शेजाऱ्याची भूमिका मी स्वतःसाठीच लिहिली होती. नाटकातले सगळे हशे त्याच्याच वाट्याला होते, म्हणून.

हेडसर विंगेत आले. विंग म्हणजे स्टेजची आडबाजू. आमची दोन सतरंज्या टांगून केलेली.

"वैद्य, तपासणीचे साहेब पुढे बसलेत. वावगं काही नाही ना?"

"सर, हशा नाही पिकला तर मिशी उतरवीन."

"चिकटवलेली आहे ती," हेडसर म्हणाले आणि गेले.

परभणीपासून एस.टी.नं तासाभरावरच्या त्या गावात मी मराठी शिकवायचो आणि गॅदरिंगचं नाटक बसवायचो. राम आणि कृष्ण यांची बालपणं दर वर्षी व्हायची. त्या साली हेडसर म्हणाले, येशूचं बसवा. मी बायबल आणून वाचलं. गोठ्यातला जन्म सापडला. पुढे बारा वर्षांचा मुलगा देवळात मागे राहतो, तोही प्रसंग सापडला. मधली वर्षं मात्र जवळजवळ कोरी. मला तर आनंदच झाला. येशूला वाढवणाऱ्या योसेफला मी आपल्या गावगाड्यातला सुतार करून टाकला, खळ्यावर बलुतं मागणारा, कुळवाची दांडी बसवणारा. आणि अभ्यासासाठी रोज संध्याकाळी किसनमामा सुतारांच्या छपरात जाऊन बसू लागलो.

मामा रंधा मारताना गप्प असायचे. पटाशीला धार लावताना बोलायचे. एकदा मी विचारलं, "मामा, लग्नाआधीच बायको गरवार आहे हे कळल्यावर योसेफला काय वाटलं असेल?"

मामांनी छपरात नजर फिरवली. त्यांचा मुलगा नामदेव चाकाची लोखंडी धाव घेऊन लोहाराकडे गेला होता.

"आमी येलदरीला धरणाच्या कामावर व्हतो तवाची गोष्ट हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "नामा लग्नानंतर चौथ्या महिन्यात झाला. मला ठाव व्हतं, गुर्जी. समदं ठाव व्हतं. म्या म्हणलो, लेकरू माझं हाय. इथं आलो तवा ते चालायलं व्हतं, कोन इचारतंय?"

मग उठून त्यांनी माळ्यावरून पांगुळगाडा काढला. तीन चाकांचा, मूल ज्याला धरून चालायला शिकतं तो. दांडीवर पोपट कोरलेला. "नामाचा हाय. नाटक व्हईस्तोर घ्या."

नाटकातल्या सामानाला आम्ही प्रॉपर्टी म्हणतो. इतकी सुंदर प्रॉपर्टी मला कधी मिळाली नव्हती. घरी जाऊन मी त्याच रात्री प्रवेश लिहिला. सगळं ठाऊक असूनही 'माझं' म्हणणारा सुतार मी नुकताच पाहून आलो होतो, पण त्याला हशा नसतो. मी योसेफ केला फसलेला, बावळट नवरा.

पडदा उघडला. मी पोट सावरत एंट्री घेतली, पांगुळगाड्याभोवती एक फेरी मारली आणि बोटं मोजत म्हणालो, "काय हो सुतार, लग्नाला महिने चार, अन् गाडा तयार? फारच घाईचं काम बुवा तुमचं!"

मंडप कोसळला. साहेब तर मांडीवर थापा मारत होते. मी हशा ओसरायची वाट बघत थांबलो. नटानं तसं थांबायचं असतं.

तेवढ्यात गर्दीतून किसनमामा उठले. स्टेजवर चढले. माझ्याकडे बघितलंही नाही. पांगुळगाडा उचलला, खांद्यावर घेतला आणि माणसांमधून वाट काढत निघून गेले. दांडीवरचा पोपट सगळ्यांनी पाहिला. बायकांच्या बाजूनं मामांच्या बायको पारूमामी उठल्या, पदर तोंडावर धरून. मग नामदेव उठला. बाकीचं गावानं बोटांवर मोजून काढलं.

आणि मी काय केलं? पुढचं वाक्य म्हटलं. त्यालाही हशा आला.

सकाळी माफी मागायला गेलो. नामदेव एकटाच रंधा मारत होता.

"मामा आहेत?"

"आत हायत. भेटायचे न्हाईत."

"नामा, मला खरंच..."

"मला लय आधीच ठाव व्हतं, गुर्जी," तो रंधा न थांबवता म्हणाला. "आजीनं मरताना सांगितलं. पर मला ठाव हाय, हे बापाला ठाव नव्हतं. आमचं दोघायचं बरं चाललं व्हतं."

माझ्या पायाशी ढलप्या पडत होत्या.

साहेबांनी शेऱ्यात 'विनोदाची उत्तम जाण' असं लिहिलं. दिवाळीनंतर नामदेव परभणीला एका कारखान्यात कामाला लागला. मामांच्या छपरात एकच रंधा वाजू लागला, आणि मी रस्त्यानं जाताना तोही थांबायचा.

त्यानंतर मी पुष्कळ नाटकं बसवली. बायबलातली ती मधली वर्षं कोरी का, हा प्रश्न मात्र मला पुन्हा पडला नाही. लिहिणाराही एखाद्या सुताराच्या छपरात बसला असेल. त्याला सगळं सांगितलं गेलं असेल. आणि तो माझ्यापेक्षा बरा माणूस असेल.