मोंघीबेनची कपाटं

अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आणलेल्या एका जहाजाला आग लागली आणि त्यात वशराम गेला. बाकीच्यांची प्रेतं मिळाली. त्याचं काहीच हाती आलं नाही. मालकाने जहाज कापून विकलं.

त्याची बायको मोंघीबेन पोरीला, लाभूला, कडेवर घेऊन यार्डाच्या फाटकाशी बसू लागली. दरवान हाकलायचा, म्हणून तिने चहाची चूल मांडली. चहावालीला कोण हाकलतंय? वशरामचं काही दिसतंय का म्हणून बाहेर पडणारा ट्रक न् ट्रक ती न्याहाळायची. पण नुसतं बघायला माल कोण उघडून दाखवणार? मग ती विकतच घेऊ लागली. आधी खलाशांच्या घोंगड्या, मग खाटा, मग लोखंडी कपाटं. त्रापजच्या रस्त्यावर दुकान झालं, पाठोपाठ गोदाम. भावनगर-राजकोटची हॉटेलं तिच्याकडून सजू लागली.

कपाटात डोकं घालून हुंगल्याशिवाय ती सौदा करायची नाही.

"मोंघीबेन, माल बघताय की भूत?" व्यापारी हसायचे.

"दोन्ही बघते, भाई. तू दर सांग."

दिवेलागणीला गोदामातली कपाटं टकटक वाजायची. गडी तिथे थांबत नसत. ती मात्र स्टूल घेऊन बसायची. "लाभूचे बापू, कुठल्यात आहात? बोला तरी."

"बा, पत्रा थंड होतोय तो," मोठी झालेली लाभू आईला म्हणायची.

"मला शिकवतेस? पत्र्यावरच वाढवलंय तुला."

एके दिवशी बनमाळी नावाचा म्हातारा ओडिया मजूर ट्रंक घ्यायला आला. काम सोडून कायमचा गावी निघाला होता. गल्ल्यावरच्या बिनहाराच्या फोटोपुढे तो थबकला.

"हा वशराम ना? एका खोलीत राहायचो आम्ही. कपडे पेटले तशी त्याने समुद्रात उडी घेतली. मी पाहिलं, मा."

"तेव्हा का नाही बोललास?"

"दुसऱ्याच दिवशी आम्हाला गाडीत कोंबून मुलखात धाडलं. परत आलो तो कित्येक वर्षांनी, दुसऱ्या यार्डात. कुणाला सांगणार?"

मोंघीबेनने विचारलं, "पाणी चढत होतं की उतरत होतं?"

"उतरत होतं."

"म्हणजे आत ओढलं."

तिने त्याला रोटला-ताक वाढलं, ट्रंक पैसे न घेता दिली. दुसऱ्या दिवशी फोटोला हार घातला, किल्ल्या लाभूच्या हातात ठेवल्या आणि बोटादकडे भावाच्या घरी राहायला गेली. तिथून समुद्र दूर. गाज ऐकू येत नाही, वाऱ्याला खारट वास नाही.

महिन्याभराने लाभू भेटायला गेली. नवं दुकान घेतल्याचं सांगत होती. म्हातारीचं लक्षच नव्हतं.

"बा, इथे झोप लागते ना?"

"लागते गं. पण अंथरूण ओलं लागतं. पहाटे पिळून काढावं इतकं."

लाभूने गादीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत होती. तिने ती उचलली आणि अंगणात उन्हात टाकली.