चाचांनी धरलेली कॉलर

मुकुंदवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात. मी विषाला भितो आणि माझ्या भिण्याला ते हसतात. मोबाईलवर काहीबाही वाचून मी प्लॅस्टिकचे डबे फेकले, नॉनस्टिक तवा फेकला, घरातली उदबत्तीही बंद केली. तवा चाचांनी उचलला. त्यावर अंडं सोडत म्हणाले, "बेटा, तुला विष नाय मारणार, ही धास्तीच मारंल!" बोलता बोलता नाक वर करून हवा हुंगायची त्यांची सवय. कुणाकडं काय शिजतंय, ते जिन्यातच सांगतात.

दिवाळीच्या साफसफाईत मी बाथरूमचं दार लावून फरशीवर ॲसिड ओतलं आणि वर ब्लीचिंग पावडर टाकली. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण, असं माझं शास्त्र. क्षणात विषारी वायू उठला, घसा आवळला, डोळे पेटले, कडी सापडेना. जिन्यातून ओरडा आला, "क्या मिलाया रे?" आणि दार लाथेनं उघडलं. चाचांनी कॉलर धरून मला थेट खाली अंगणात ओढत नेलं.

एरवी हसणारा तो माणूस खोकत खोकत ओरडला, "तव्याला काय भितो येड्या! भ्यायचं तर याला भी ना!"

माझा श्वास नीट चालेपर्यंत त्यांनी कॉलर सोडली नाही. सोडली तेव्हा ती फाटून त्यांच्या हातात आली होती.

बायको तो शर्ट फरशी पुसायला मागते. मी देत नाही. इस्त्री करून कपाटात ठेवलाय.