गल्लीत न मावलेलं कापड

ताडपत्री शिवणाऱ्या बाईला सगळा बाजार आत्या म्हणायचा, पण ती खरी आत्या होती एकाच मुलीची. भावाची मुलगी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आली, दुकानात येता-जाता "आत्या, आत्या" करू लागली, आणि ती हाक आधी शेजारच्या वेल्डरने उचलली, मग ट्रकवाल्यांनी. त्याआधी तिला कोणी नावाने बोलवतच नसे. "अहो ताडपत्री" एवढंच.

दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर दिरांनी सुचवलं की मशीन विकून टाकावं, बाईमाणसाने ट्रकच्या टपावर चढून मापं घेणं काही शोभत नाही. ती म्हणाली, "शोभेसाठी नाही चढत मी, मापासाठी चढते." आणि चढली. तेव्हापासून ट्रकची आच्छादनं, दुकानांचे पडदे, मंडपांची छतं तिच्याच हातून जाऊ लागली. आत्याने घातलेली शिवण उसवली, अशी तक्रार घेऊन कोणी आलेलं वेल्डरला आठवत नव्हतं. तिच्या जिभेलाही तीच जाड सुई बसवलीय, असं मात्र तो म्हणायचा, आणि तिच्यासमोरच म्हणायचा.

भाची भौतिकशास्त्र शिकत होती. संध्याकाळी ती घडी घातलेल्या ताडपत्र्यांच्या ढिगावर मांडी घालून बसायची आणि आत्या दोरा ओवता ओवता विचारायची, "हं, आज काय शिकवलं?" भाची सांगायची. आत्याला त्यातलं थोडं कळायचं, बरंच कळायचं नाही, पण ऐकायला आवडायचं. दुकानाचा पडदा वाऱ्याने आत न ढकलला जाता बाहेर का फुगतो, हे एकदा भाचीने कागदाच्या कपट्यावरून फुंकर मारून दाखवलं होतं: वरून वारा गेला की कपटा खाली दबत नाही, वर उचलला जातो. आत्याने तो कपटा चार वेळा स्वतः फुंकून पाहिला. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर फुगणाऱ्या पडद्याला काही कारण असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मग वेल्डरला बोलावून त्यालाही फुंकायला लावलं.

एका संध्याकाळी भाची आली ती ढिगावर न बसता दारातच उभी राहिली. आत्याने विचारलं, तेव्हा म्हणाली, "आज शिकवलं काहीच नाही. आमचा विभाग बंद होणार, एवढं सांगितलं."

"बंद म्हणजे? शटर ओढून?"

"शटर ओढून. सरकारने उच्च शिक्षणाचा निधी कापलाय. ज्या विभागात मुलं कमी, ते आधी जाणार. आमच्यात कमीच आहेत."

आत्याने मशीनवरचा पाय काढला. मंदी आली की दुकान बंद पडतं हे तिला ठाऊक होतं. पण पडदा का फुगतो हे सांगणारी जागाही बंद पडू शकते, हे तिच्या डोक्यात शिरेना.

देशभरच्या कॉलेजांतल्या मुलांची मिळून एक संघटना होती. भाचीचा तिच्याशी संबंध वर्षातून एकदा मत देण्यापुरता. आता ती सभांना जाऊ लागली, सह्या गोळा करू लागली, वर्गांवरच्या बहिष्काराच्या दिवशी फाटकाशी उभी राहिली. संघटनेचे लोक खासदारांना भेटले, मंत्र्यांकडे गेले. मंत्री बाहेर येऊन म्हणाले की हा मूठभर पोरांचा गोंगाट आहे, बाकीचे अभ्यास करताहेत.

त्यानंतर भाचीने आत्याच्या शिवणीबद्दल सांगितल्यावरून संघटनेची सरचिटणीस दुकानात आली. उंच, काटक मुलगी. भाषणं करून करून तिचा आवाज पार बसला होता. ती बोलली की पत्र्यावर कोणी कागद घासतंय असं वाटायचं.

"मूठभर म्हणतात ना," ती म्हणाली, "तर मूठ दाखवायची आहे. देशातल्या प्रत्येक कॉलेजातून कापडाचा एकेक तुकडा येईल. त्यावर जे बंद होणार आहे ते त्या त्या मुलांनी लिहायचं. सगळे तुकडे जोडून राजधानीत मोर्चात न्यायचे. छापून घेतलं तर कोणी बघत नाही. तुम्ही शिवून द्याल?"

"चादरी जोडून सरकार हलतं होय?" आत्याने विचारलं.

"माहीत नाही. पण ओरडून हलत नाही, हे माझ्या घशाला विचारा."

आत्याला हसू फुटलं. तिने मापाची पट्टी गळ्यात टाकली आणि म्हणाली, "रुंदी सगळ्यांची सारखी हवी. लांबी कितीही असू दे. सांग तुझ्या पोरांना."

पोरांना सांगितलं होतं, पण पोरं ती. तुकडे येऊ लागले ते कुणाचे तिरके, कुणाचे आखूड, कुणाचे कडा न दुमडलेले. भाचीच्या विभागाचा तर सगळ्यांत वाकडा. "विश्व मोजता म्हणे," आत्या म्हणाली आणि कात्री घेऊन बसली.

पहिले काही दिवस तिने ते काम बाकीच्या कामासारखंच केलं. मग हळूहळू तिचा हात रेंगाळू लागला. एका प्रयोगशाळेने कापड पाठवलंच नव्हतं, ॲसिडने भोकं पडलेले आपले पांढरे ॲप्रन उसवून पाठवले होते. समुद्राकाठच्या कुठल्याशा कॉलेजातून शिडाचा तुकडा आला, त्याला अजून मिठाचा वास होता. वसतिगृहातल्या मुलींनी खिडकीचा पडदा पाठवला आणि त्यावर लिहिलं, "ही खिडकी आता कोणाची?" काही तुकड्यांवरची लिपीही आत्याला वाचता येत नव्हती. एवढ्या दूरदूरच्या माणसांचं एकच दुखणं आहे, आणि ते सगळं आपल्या सुईखालून चाललंय, या विचाराने ती कधी कधी मशीन थांबवून नुसती बसायची.

एका तुकड्यावर अक्षरच नव्हतं. नुसती बटणं शिवलेली, कुठे दोन, कुठे तीन, कुठे एकटंच. वेल्डर म्हणाला नक्षी असेल. आत्याला नक्षी वाटेना. नक्षी इतकी विस्कटलेली नसते. भाचीने तो तुकडा पाठवणाऱ्या कॉलेजला फोन लावला. फोन ठेवून ती आत्याजवळ आली, तिचा हात धरला आणि बोटं त्या बटणांवरून फिरवली.

"अंध मुलांनी पाठवलंय. ब्रेल आहे. लिहिलंय, 'आम्हाला वाचून दाखवणारे काढून टाकणार आहेत.'"

आत्याने हात मागे घेतला नाही. पुन्हा सुरुवातीपासून बटणांवरून बोटं नेली, हळू, जणू कोणाच्या चेहऱ्यावरून नेतेय. मग म्हणाली, "हा तुकडा मध्ये नको, कडेला घेते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला लागला पाहिजे."

कापड वाढत गेलं तसं दुकान आक्रसत गेलं. शिवून झालेला भाग गुंडाळून एका कोपऱ्यात रचायचा, पुढचा ओढायचा. त्यामुळे आपण काय शिवतोय ते आत्याला कधी अखंड दिसलंच नाही. एकदा गल्लीत पसरून पाहू म्हटलं, तर पहिली गुंडाळीच गल्लीच्या तोंडाशी जाऊन पोचली. शिवाय एक गुंडाळी उचलायला वेल्डरसकट सगळी आळी लागली. सगळं सलग शिवलं तर ते उचलणार कोण? तेव्हा आत्याने त्याचे भाग पाडले, कडांना पितळी रिंगा ठोकल्या, ट्रकच्या ताडपत्र्या दोरीने एकमेकींना बांधतात तशी सोय केली. पण ती दोरी नीट ओवणं पोरांचं काम नव्हे. म्हणून जन्मात पहिल्यांदा काही दिवसांसाठी दुकानाला कुलूप लावून आत्या राजधानीला निघाली. एक ओळखीचा ट्रकवाला तिकडेच माल घेऊन चालला होता. गुंडाळ्या मागे, आत्या आणि भाची पुढे.

राजधानीतला तो रस्ता इतका रुंद होता की आत्याने आधी विचारलं, "हे मैदान आहे का?" सकाळपासून मुलं येत होती. बसमधून, रेल्वेतून, सायकलींवरून. प्रत्येक टोळी आधी आपला तुकडा शोधायची, सापडला की त्याच्याजवळच उभी राहायची. आत्या गुडघ्यांवर बसून दोरी ओवत पुढे पुढे सरकत होती आणि मुलं आपोआप बाजूला होऊन तिला वाट देत होती.

मग वारा सुटला.

पहिला भाग काठ्यांवर उभा धरला होता. वाऱ्याने तो असा खेचला की धरणारी मुलं फरफटत गेली, एक काठी कडकन मोडली, एका मुलाचं कोपर फुटलं. सरचिटणीस धावत आली. कार्यकर्ते म्हणू लागले, गुंडाळून ठेवू या, नुसतेच चालू. आत्याला काही सुचेना. ट्रकवर वारा लागतो, पण तिथे खाली ट्रक असतो.

भाची वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. "आत्या, उभं नको. आडवं घेऊ, खांद्यांवर, छतासारखं. आणि मध्ये मध्ये वाऱ्याला निघायला वाट हवी, नाहीतर ते वर उचलेल. पडद्याचं आठवतंय ना?"

आठवत होतं. आत्याने पिशवीतून टाके तोडायची उसवणी काढली. वाट द्यायची तर शिवणीतूनच द्यावी लागणार होती. मुलांनी लिहिलेल्या कापडाला ती भोक पाडणार नव्हती. आपल्याच हाताने घातलेली पक्की शिवण तिने ठिकठिकाणी वीतभर उसवली, आणि उसवलेल्याची टोकं गाठी मारून बंद केली. भाची जागा दाखवत होती, आत्या उसवत होती. कापड पुन्हा उचललं. वारा खालून आला, कापड श्वास घेतल्यासारखं थोडं वर झालं, फटींतून सुस्कारा निघाला आणि ते खांद्यांवर टेकलं. थांबलं.

"चला," सरचिटणीस म्हणाली. तिचा आवाज जवळच्यांनाही आला नाही, पण मोर्चा निघाला.

आत्याचे गुडघे बोलायला लागले होते. भाचीने तिला रस्त्यावरच्या पादचारी पुलावर चढवलं आणि स्वतः आपल्या तुकड्याकडे पळाली. पुलावर बंदोबस्ताला एक महिला पोलीस उभी होती. तिने आत्याला कठड्याशी जागा करून दिली.

मोर्चाचं तोंड पुलाखालून गेलं. मग ॲप्रन गेले, शिडाचा तुकडा गेला, खिडकीचा पडदा गेला. आत्या एकेक ओळखत होती, मनात नावं घेत होती. थोड्या वेळाने ओळखणं तिच्या आवाक्याबाहेर गेलं. लांब जिथे रस्ता वळत होता तिथून कापड येतच होतं. ते संपेल म्हणून ती वळणाकडे बघत राहिली, आणि ते संपेना. खाली माणसं दिसत नव्हती, फक्त पावलं ऐकू येत होती, आणि वारा आला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाट सरकत जायची, जणू रस्त्यालाच जीव आलाय. कचेऱ्यांतून लोक खाली उतरले होते. कोणी न सांगता काहींनी कडेला हात लावला आणि चालायला लागले. बटणांच्या तुकड्यापाशी एक म्हातारा गृहस्थ बोटं फिरवत बरोबरीने चालला होता.

आत्याने कठड्यावर दोन्ही हात टेकले. हे तिने शिवलं होतं, पण हे तिचं नव्हतं. हे कोणा एकाचं असूच शकत नव्हतं. देऊळ, डोंगर, समुद्र यांच्यापुढे माणूस गप्प होतो तशी ती गप्प झाली होती, फक्त हे सगळं पोरांचं होतं, वाकड्या कात्रीने कापलेलं.

शेजारची पोलीस बाई अचानक कठड्यावरून वाकली.

"ते निळं," ती हळूच म्हणाली, "ते आमचं कॉलेज. तिथलं ग्रंथालय बंद करताहेत?"

"लिहिलंय खरं तसं," आत्या म्हणाली.

बाई सरळ उभी राहिली, टोपी नीट केली. निळा तुकडा पुलाखाली दिसेनासा होईपर्यंत तिने मान वळवली नाही.

त्या दिवशी मंत्री भेटले नाहीत. मुलांनी रस्ता सोडला नाही, कापडाखालीच मुक्काम टाकला. वर्तमानपत्रांनी वरून काढलेले फोटो छापले, आणि मूठभर हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही. मग चर्चा झाल्या, संसदेत प्रश्न आले, आणि शेवटी कपातीतला मोठा भाग मागे घेतला गेला. सगळा नाही. भाचीचा विभाग राहिला, वाचून दाखवणारे राहिले. निळ्या तुकड्याच्या कॉलेजातलं ग्रंथालय राहिलं, पण कितीतरी ठिकाणचे संध्याकाळचे वर्ग गेलेच. ते कळलं त्या दिवशी भाची जेवली नाही, आणि आत्याने तिला आग्रह केला नाही.

गावी परतल्यावर वेल्डर खोदून खोदून विचारत राहिला, कसं होतं, किती लांब होतं. आत्या सांगायला लागायची आणि अर्ध्यावर थांबायची. जिभेला जाड सुई असलेल्या त्या बाईला शब्द सापडेनात, याचंच वेल्डरला नवल. शेवटी एकदा ती म्हणाली, "अरे, मी वळणाकडे बघत होते, आणि ते येतच होतं."

एवढं बोलून तिने मशीनवर पाय ठेवला. समोर एका ट्रकवाल्याची फाटलेली ताडपत्री पडली होती, आणि त्याला दुपारच्या आत निघायचं होतं.