अर्धी कळशी आणि दोन लंगोट

ओवा-शेपांच्या धुरीवर टोपली पालथी घालून वाळवलेल्या लंगोटांना एक उबदार, किंचित उग्र वास असे. लेक पाच महिन्यांची होती त्या उन्हाळ्यात माझ्या पातळांना, केसांना, पुस्तकांनासुद्धा तोच वास येई. दुष्काळाचं साल होतं. लोह्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता, आणि आईच्या जुन्या मऊ पातळांचे ते लंगोट आम्ही एकाच बादलीत, त्याच त्या पाण्यात पुन्हापुन्हा खळबळून काढत असू.

अशा दिवसांत शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद हाती आला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, कचेऱ्या भाड्याच्या घरांतून थाटल्या होत्या, आणि ठरल्या दिवशी चारच्या आत हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाणार होती. यजमान परगावी, लेक अंगावर पिणारी. तिला ठेवणार कुणाकडे? सात लंगोट घेतले. वाटलं, लई झाले! कन्यारत्नाने अहमदपूर यायच्या आतच चार उडवले, आणि मी लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा सातवाही गेला होता, वर माझ्या निऱ्याही पिवळ्या झाल्या होत्या. या अवतारात साहेबांपुढे उभी राहणार तरी कशी?

कचेरीच्या फाटकाशी, लिंबाच्या विरळ सावलीत, एक चाची हातगाड्यावर कोळशाची इस्त्री फिरवत होत्या. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी इस्त्री उभी केली.

"या अल्ला, किती रडून राहिलंय लेकरू! पानी हाय का तुमच्यापाशी?"

"नाही हो," मी म्हणाले.

खोटं बोलले. पिशवीच्या तळाशी फिरकीचा तांब्या काठोकाठ भरलेला होता. पण परतीची वाट लांबची, मी प्यायले नाही तर लेकीला दूध कुठून येणार, या भीतीने जीभ परस्पर वळली.

चाचींनी गाड्याखालची कळशी ओढली. कपड्यांवर शिंपडायचं पाणी ते, अर्धी कळशी, पहाटे दूरच्या हापशावरून आणलेलं. त्या पाण्यात त्यांनी दोन लंगोट स्वतःच्या हातांनी धुतले, माझ्या निऱ्या धुतल्या, सगळं पिळलं, आणि तापल्या इस्त्रीखाली चरचर वाफ काढत सगळं कोरडं केलं. पिशवी त्यांनी गाड्याच्या खुंटीला अडकवली. लेकीला कडेवर घेऊन मी आत धावले, आणि साहेब उठायच्या बेतात असताना सही झाली.

आनंदाने बाहेर आले, तर गाड्यावर चुरगळलेल्या कपड्यांची चळत तशीच पडलेली. कुणाचा तरी सदरा न्यायला आलेल्या शिपायाला चाची सांगत होत्या, "पानी सरलं भाऊ. उद्या या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतला तांब्या काढून मी त्यांच्यापुढे धरला.

त्या हसल्या. "ठाव हाय मला. पिशवी खुंटीला लावली तवाच कळलं, भरलेला हाय म्हून."

"मग बोलला का नाहीत, चाची?"

"काय बोलायचं? चार लेकरं म्याबी पाजलीत. रुजू झालात नव्हं? मंग झालं तर!"

तांब्याला त्यांनी हात लावला नाही. कोळशाचं बोट लेकीच्या गालाला टेकवलं, दृष्ट लागू नये म्हणून, आणि म्हणाल्या, "चला, यष्टी चुकंल."

त्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं, लेक शिकली, आज तिच्या मांडीवर तिची लेक आहे. चाचींचे उपकार मी कधी विसरले नाही. त्या अर्ध्या कळशीची गोष्ट वर्गात, माहेरी, शेजारीपाजारी किती जणांना डोळ्यांत पाणी आणून सांगितली असेल. तांब्याचा भाग मात्र दर वेळी गाळत आले. लेकीलाही तो इथेच वाचून कळेल.