चावी कुणाच्या खिशात?

वडवणीत माणसं भुताखेताला भीत नसतील एवढे आमचे घड्याळवाले चाचा मोबाईलला भ्यायचे, आणि गंमत म्हणजे अख्ख्या तालुक्यात मोबाईल दुरुस्त करावा तो त्यांनीच. घड्याळं कधीच गेली, नाव तेवढं राहिलं. मेलेला फोन ते कानाशी धरून हलवायचे, दोनदा हुंकार द्यायचे आणि नेमका रोग सांगायचे. मी आपला तोंडात बोट घालून बघत बसायचो. स्वतः मात्र बटनांचा जुनाट फोन वापरायचे. म्हणायचे, "ज्याची बॅटरी आपल्या नखानं निघती, तो फोन आपला. बाकीचे दुसऱ्याचे, भाऊ. आपण नुस्ते राखणदार!"

चोरीला गेलेला फोन लांबून बंद करता येतो हे कळल्यावर सगळं गाव खूश झालं, आणि चाचांचं जेवणावरचं मन उडालं. "चोरासाठी कुलूप केलं, लई चांगलं केलं. पण चोरालाच चावी घावली तर? तिकडं कंपनीतलाच कुणी फिरला तर? एका बोटानं अख्खा जिल्हा मुका करंल बे!" एकदा एका पुढाऱ्याचा माणूस आला आणि विरोधकाचा फोन मतदानापुरता बंद पाडून द्या म्हणाला. चाचांनी त्याचाच फोन मागून घेतला, सगळा खोलला, एकेक भाग वेगवेगळ्या वाटीत मांडला आणि नमाजला निघून गेले!

त्यांचा एक कायदा होता. दुरुस्त झालेला फोन हातात पडायच्या आधी गिऱ्हाइकानं दोन नंबर तोंडपाठ म्हणायचे, एक घरातला आणि एक घराबाहेरचा. बाहेरचा कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "घरच फिरलं तर?" लोक वैतागायचे, पण चांगले चांगले साहेबसुद्धा त्या टपरीपुढं उभ्यानं पाढे म्हटल्यासारखे नंबर म्हणून गेलेत.

लेकीच्या लग्नात मी तिला भारीतला फोन घेतला. जावयानं तो हौसेनं स्वतःच्याच मेलवर चालू करून दिला. आमच्याकडं रीतच तशी, बाईमाणसाला वेगळा मेल कशाला! मी कौतुकानं चाचांना सांगायला गेलो, तर हे म्हणतात, "फोन लेकीला दिला भाऊ, पण चावी कुणाच्या खिशात हाय?" असा संताप आला! शुभकार्यात हे काय बोलणं झालं? लेकीनं मात्र हसत हसत घरातला म्हणून माझा आणि बाहेरचा म्हणून चाचांचाच नंबर पाठ केला.

दोन वर्षांनी आष्टीला, सासरी, तिच्यावर हात उचलला गेला. लेक माझ्या चिमुरड्या नातीला घेऊन तशीच निघाली. बीडच्या स्टँडवर उतरते तोवर जावयानं घरबसल्या, आपल्या मेलवरून, तिचा फोन बंद केला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती, 'मुकाट्यानं परत ये.' जवळ रोख पैसा नाही, जे होतं ते सगळं फोनमध्ये. एका कंडक्टरचा फोन मागून तिनं माझा नंबर लावला. माझा फोन तेव्हा दुरुस्तीला चाचांच्या टेबलावर उघडा पडलेला, आणि मी समोर चहा पीत बसलेलो. मग तिनं दुसरा नंबर लावला. चाचांनी उचलला, आवाज ओळखला आणि एवढंच म्हणाले, "बोल बेटी, कुठं हायस?"

शटर ओढून, जीप करून आम्ही बीड गाठलं. चाचांनी ती ओळ वाचली. पिनेनं सिम काढलं, आपल्या बटनांच्या फोनमध्ये घातलं आणि तो तिच्या हातात ठेवला. "घे. ही चावी तुझी." ज्या माणसावर मी लग्नात एवढा संतापलो होतो, त्याच्यापुढं भर स्टँडवर मला रडू आवरेना.

लेक आता बीडला नोकरी करते. फोन तिचा, मेलही तिचाच. चाचांचा फोन तिनं केव्हाच परत केला. टपरी बंद झाली आणि चाचांना माणसं ओळखू येईनाशी झाली. मीसुद्धा.

परवा त्यांच्या घरी जाऊन बसलो. सवयीनं दोन नंबर म्हटले, लेकीचा आणि त्यांचा.

"दुसरा कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"घराबाहेरचा," मी म्हटलं.

"मग लाव की. उचलंल तो."

लावला. त्यांच्या उशाशी बटनांचा फोन वाजला. चाचांनी तो सावकाश कानाला लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोल बेटी, कुठं हायस?"