ग्रहणात काय कापलं?

आमच्या स्किन ओपीडीत डाग बघायला दोन मिनिटं लागतात आणि तो कसा पडला हे ऐकायला अर्धा तास. मला मुळात चौकशांची खोड, त्यामुळे किस्से साचत जातात. जन्मखूण घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न 'जाईल का?' हा क्वचितच असतो. 'कुणामुळं झालं?' हाच असतो!

*

बिडकीनचे एक क्लार्क. गालावर जन्मापासून काळा, केसाळ डाग. मुलीच्या लग्नाआधी काढायचा म्हणाले. सगळं ठरलं आणि फॉर्मवर सही करताना त्यांचं पेन थांबलं.

"मॅडम, सर्व्हिस बुकात ओळखीची खूण म्हणून हाच लिहिलाय. थोडा ठेवता येईल का? रिटायर होईपर्यंत?"

*

एका बाळाच्या कमरेवर निळसर डाग होता. मालीशवाल्या मावशी महिनाभर तो बेसनानं घासत होत्या. डाग जागच्या जागी, कातडी मात्र लाल. मी सांगितलं, हा काही वर्षांत आपोआप जातो.

"मग तवर घासू द्या की," मावशी म्हणाल्या. "गेला तर माझ्या हातानं गेला म्हणतील."

*

गंगापूरकडच्या मेंढपाळ आजोबांना मी सांगितलं, नातवाच्या पोटरीवरचा तपकिरी ठिपका निरुपद्रवी आहे, राहू द्या.

"राहू द्या," तेही म्हणाले. "कळपात डागाचं मेंढरू आधी सापडतंय."

*

पडेगावची एक सून, मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. मुलीच्या मानेवर मोठा काळा डाग. सोबतच्या सासूबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "गिरानात हिनं विळीवर वांगं चिरलं. मी डोळ्यानं बघितलं."

सून खाली बघत होती. बारशापासून घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, तिला माहेरी धाडायची भाषा सुरू होती. मला राग आला. तो गिळून मी कागदावर चित्र काढलं. पोटात बाळ वाढताना रंगाच्या पेशी कातडीकडं निघतात, काही एकाच जागी गोळा होऊन वाढतात.

"ग्रहणाचा संबंध नाही, आजी. कुणाचीच चूक नाही. आपण फक्त डागावर लक्ष ठेवायचं."

त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"अन् माझ्या लेकाच्या पाठीवर हाय, तो?"

"तोही असाच झाला असेल."

"त्यातबी आईची चूक नाय?"

"नाही."

त्यांनी सुनेच्या मांडीवरून नात उचलून घेतली. "तो कागद द्या मला."

"कुणाला दाखवायचाय?"

"दाखवायला आता कोण नाय. माझी सासू गेली. द्या तरी."