सुनेचे सिलिकॉनचे साचे

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ पुष्कळदा आली, पण दर वेळी मी विषय बदलला. आता बदलणार नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या बाईंनी, त्यांच्या मुलीने हौसेने आणलेले केकचे सिलिकॉनचे साचे कचऱ्याच्या गाडीत टाकून दिले. मुलगी भांडायला उठली तेव्हा त्या म्हणाल्या, "रसायनीतले काका म्हणालेत, ते रबर असतं. तापलं की घाण वास सोडतं." रसायनीतले काका म्हणजे मी. माझं एक खोटं अजून लोकांच्या स्वयंपाकघरात हिंडतंय हे तेव्हा मला कळलं.

माझी सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, प्लँटवर झाली. माझं नाक तिखट होतं. कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे मी वासावरून सांगायचो, त्यामुळे शिफ्टमध्ये मला मान होता. निवृत्तीनंतर आम्ही जवळच्या चौक गावात घर बांधलं. गल्लीत कुणाच्या गॅसचा वास आला, पाण्याला वेगळी चव लागली, की लोक मला बोलावत. मला ते आवडायचं.

सून कर्जतच्या बाजूची, शेतकऱ्याघरची. फोनवर बघून केक करायला शिकली. सुरुवातीला कढईत मीठ तापवून त्यावर डबा ठेवायची, मग मुलाने छोटा ओव्हन आणून दिला. ढाबेवाले तिचे कप केक घेऊ लागले. अडचण होती ती डब्यांची. आमच्याकडच्या पावसात पत्र्याचे डबे कितीही पुसा, तेल लावून ठेवा, सांध्यात तांबडी रेघ धरतेच. शिवाय डब्याला लोणी लावा, मैदा भुरभुरवा, तरी अर्धा केक तळाशी चिकटून राहायचा. म्हणून तिने स्वतःच्या कमाईतून सिलिकॉनचे साचे मागवले. जांभळे, मऊ, एकेका साच्यात सहा वाट्या.

पार्सल फोडलं आणि ती पहिली माझ्याकडे आली. "बाबा, बघा ना, नकली तर नाय ना?"

मी साचा दोन्ही हातांनी पिळला. पिळल्यावर पांढरट रेघ उठली तर आत स्वस्त भुकटी मिसळलीय असं समजायचं. रेघ उठली नाही. आणखी एक पिळला. वासही घेऊन बघितला. "चांगला माल आहे," मी म्हणालो.

आमची ही दारातून बघत होती. "सून आणताना एवढी पिळून नव्हती बघितली."

"बघितली असती तर तुमीच परत पाठवली असती, आई," सून म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

साच्यांचं चांगलं-वाईट आम्हाला हळूहळू कळत गेलं. पहिल्याच दिवशी तिने भरलेला साचा दोन्ही कडांना धरून उचलला, तो मधे वाकला आणि पिठाचा लोंढा ओट्यावर आला. तेव्हापासून साचा आधी लोखंडी ट्रेवर ठेवायचा आणि मगच भरायचा. केक व्हायला डब्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागायचा. कडा खरपूस होत नसत, आणि नानकटाई तर तळाला पांढरीच राहायची. म्हणून नानकटाई तिने पत्र्यावरच ठेवली. पण कप केक? खालून बोटाने दाबला की अख्खा हातात. चिकटणं नाही, गंजणं नाही. सुरी तेवढी लावायची नाही. धुऊन, पिळून, फडताळाच्या एका कोपऱ्यात कोंबले तरी चालायचे. तिचं काम निम्म्यावर आलं.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती आणि मला होती. सिलिकॉन तेल पितं. कारखान्यात पाइपांच्या जोडातल्या सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे गॅस्केट, काढून ठेवली की कितीही धुवा, आठवडाभर वास सोडायची, आणि तापली तर जास्तच. हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात ती भाताच्या लावणीसाठी चार दिवस माहेरी गेली. डास फार झाले होते आणि वीजही सारखी जायची. मला वाटलं, डास पळवणाऱ्या मेणबत्त्या घरीच कराव्यात. मेण वितळवलं, त्यात गवती चहाचं तेल सढळ हाताने ओतलं आणि साचा शोधायला लागलो. फडताळातले जांभळे साचे दिसले. मेण त्यात ओतलं. सुंदर वड्या पडल्या, एकही तुटली नाही. ही दुपारची झोपली होती, मुलगा कामावर होता, आणि वड्या मी मागच्या पडवीत नेऊन ठेवल्या, तेव्हा साचे वापरल्याचं कुणाला कळलं नाही. मग साचे गरम पाण्याने, साबणाने दोनदा धुतले, हुंगले, तेलाने भरलेल्या नाकाला वास कळला नाही, जागच्या जागी ठेवले.

आमच्या प्लँटवर नवीन पोरगा आला की पहिली शिस्त मी शिकवायचो: ज्या भांड्यात माल घेतला त्यात पुन्हा चहा प्यायचा नाही, भांडं कितीही धुतलेलं असो. बाहेरच्या माणसाला ही सोवळ्यासारखी गोष्ट वाटेल, पण आम्ही ती कसोशीने पाळायचो. नोकरीभर पाळलेला नियम मी घरात एका दुपारी मोडला, आणि मोडतोय हे माझ्या मनातही आलं नाही. घरच्या ओट्यावर मी स्वतःला कामगार समजत नव्हतो.

सून परत आली त्याच आठवड्यात कर्जतकडच्या एका फार्महाऊसची ऑर्डर होती. मुंबईच्या पाहुण्यांच्या मुलाचा वाढदिवस. तिथला मॅनेजर म्हणाला होता, हे चांगलं झालं तर दर शनिवार-रविवारचे केक तुमचेच. ती पहाटे उठली, व्हॅनिलाच्या वासात तिला वेगळं काही जाणवलं नाही. मला त्या दिवशी सर्दी होती. टेंपोवाल्याच्या हाती खोके गेले.

दुपारी फोन आला. तिने तो आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, हात पिठात होते म्हणून. "ताई, काय टाकलंय केकमध्ये? पोरं थुंकतायत. डासांच्या अगरबत्तीसारखा वास येतोय."

तिने घरी ठेवलेला एक केक फोडला, हुंगला, आणि माझ्यापुढे धरला. बंद नाकालाही तो वास कळला. एका क्षणात सगळं कळलं: मेण, तेल, साचे, ओव्हन.

"अगं, त्या साच्यांचाच असंल," ही म्हणाली. "काय हो, तुम्हाला कळतं ना यातलं?"

तिघंही माझ्याकडे बघत होती. मुलगाही आला होता. मी म्हणालो, "रबरच ते. तापलं की वास सोडणारच."

सून म्हणाली, "पण बाबा, तुमीच तर पिळून बघितले होते."

"पिळून सगळं कळत नाही," मी म्हणालो.

मुलगा तिला म्हणाला, "ऑनलाइनचा स्वस्त माल घ्यायला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "माझीच हौस नडली." त्याच दिवशी तिने साचे कातरीने कापले. कुणी चुकून वापरू नयेत म्हणून.

खरं सांगायचं तर ते साचे वाचले असते. रिकामे साचे तासभर ओव्हनमध्ये, दारं-खिडक्या उघड्या ठेवून तापवले असते, तर तेल बरंचसं उडून गेलं असतं. मग एक केक करून हुंगायचा, वास राहिलाच तर पुन्हा तापवायचे. मॅनेजरला फोन करून सांगता आलं असतं की दोष कशाचा होता. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पण साचे तापवा म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. ती कातर चालवत होती आणि मी पेपर धरून बसलो होतो.

फार्महाऊसची ऑर्डर दुसऱ्या कुणाकडे गेली. ढाबेवाल्यांपर्यंत गोष्ट पोचली. पुढे बचत गटाच्या बायका विचारायला आल्या तेव्हा मी खुर्चीत बसून त्यांना सिलिकॉनवर चांगलं अर्धा तास बोललो. खोटं एकदा बोललं की त्याला आधार द्यावा लागतो. बायका माना डोलवत होत्या. सून चहा घेऊन आली, माझं बोलणं ऐकलं आणि कप ठेवून आत गेली. त्या पावसाळ्यात पत्र्याचे डबे पुन्हा निघाले, पुन्हा गंजले. दिवाळीनंतर तिने ओव्हनवर कापड टाकलं आणि एका कंपनीत पॅकिंगला लागली. अजून तिथेच आहे.

तेव्हा आता ज्यांनी माझं ऐकलं त्या सगळ्यांनी हेही ऐकावं. चांगल्या सिलिकॉनच्या साच्यात दोष नाही. पिळून बघून घ्या, ट्रेवर ठेवून भरा, खरपूस हवं असेल तर पत्रा वापरा, थेट आचेवर ठेवू नका. आणि खाण्याच्या साच्यात खाण्याशिवाय दुसरं काही घालू नका. शेजारच्या बाईंना मी परवा घरी जाऊन हे सगळं सांगितलं, मेणबत्त्यांसकट. त्या म्हणाल्या, "सुनबाईला ठाऊक हाय का?"

ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी मी नाक्यावर गेलो. तिची कंपनीची बस तिथे थांबते. काय बोलायचं ते मी घरापासून म्हणत आलो होतो. ती उतरली, थकलेली, डोक्यावर रुमाल बांधलेला. मला बघून घाबरली.

"बाबा, तुमी इथं? आईंना बरं नाय का?"

"बरी आहे."

"मग एवढं चालत कशाला आलात? गुडघा दुखंल ना." तिने माझ्या हातातली रिकामी पिशवी काढून घेतली. "दूध आणायचंय काय?"

मी हो म्हणालो. आम्ही दूध घेतलं आणि ती माझ्या चालीने सावकाश चालत राहिली. पाठ केलेलं वाक्य घराच्या फाटकापर्यंत माझ्या तोंडात होतं, आणि ते अजून तोंडातच आहे: पोरी, साचे चांगले होते, तू चांगले निवडले होतेस. ते मी नासवले, आणि नाव तुझं जाऊ दिलं. मला माफ कर.